पलंगावरची जागा

३ ऑक्टोबर

आज दुकानाला कायमचं कुलूप लावलं. सुईत दोरा ओवायला शेजारच्या पानवाल्याला हाक मारावी लागते, असल्या शिंप्यानं दुकान चालवू नये. आयुष्यभर लोकांच्या छात्या आणि कमरा मोजल्या, पुष्कळ झालं.

ही वही थोरलीनं दिली. म्हणाली, "काका, दुकान नाही म्हणजे गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणजे तुमची कुरकुर आमच्या वाट्याला. ती इथं करा." जीभ फारच लांब झाली आहे तिची. आठ दिवसांची असताना घरी आली होती. तेव्हा मुकी आहे की काय अशी मला काळजी वाटायची.

तर कुरकुर. खाली दुकान, वर घर. घरात मी, बायको आणि सध्या अकरा मुलं. त्यातलं एकही आमचं नाही, आणि हे मोठ्यानं म्हटलेलं बायकोला चालत नाही. ती इस्पितळात बाळंतपणाच्या वॉर्डात परिचारिका होती. एकदा आई गेलेली दोन अर्भकं दुपट्यात गुंडाळून घेऊन आली. म्हणाली, "अहो, दोनच दिवस." त्यातली एक ही थोरली. ते दोन दिवस अजून चालूच आहेत. मग नोकरी सुटली, दारावर पाटी लागली, पाहुणे येऊ लागले, वर्तमानपत्रात हिचा फोटो आला. बातमीत लिहिलं होतं, 'त्यांचे पती शिवणकाम करतात.' बास. तेवढंच.

घराचा एक नियम आहे, तो हिनं केलेला. नवं मूल आलं की ते हिच्या पलंगावर, हिच्या शेजारी झोपतं. ते आपण होऊन उशी उचलून मुलांच्या खोलीत जाईपर्यंत त्याला कुणी हलवायचं नाही. कुणी आठवड्यात जातं. एका बहाद्दरानं दोन वर्षं मुक्काम ठोकला होता. एक गेलं की दुसरं हजर. त्यामुळे मी आपला खाली, कापड बेतायच्या टेबलावर. त्या टेबलाला माझ्या पाठीचा आकार आला आहे.

सध्या पलंगावर शेपूट आहे. पाच वर्षांची. उन्हाळ्यात आली. ही जिथं जाईल तिथं मागे पदर धरून, म्हणून शेपूट. न्हाणीघराच्या दाराशीसुद्धा बसून राहते.

आज हिला म्हटलं, "मी दुकान आवरलं, आता तूही आवरतं घे. थोरली हाताशी आली आहे. तळ्याकाठी दोन खोल्या घेऊ. तू आणि मी."

"तुम्ही आणि मी?" ती हसली. "अहो, बोलायचं काय दोघांनी?"

ती हसली खरी, पण मी चेष्टा करत नव्हतो. मला माझी बायको परत हवी आहे. लग्न झाल्यावर चार वर्षं मिळाली होती, तेवढीच.

११ ऑक्टोबर

ही डॉक्टरकडे जाऊन आली. एकटीच गेली. पोटात दुखतं म्हणत होती बरेच दिवस. परत आली ती वर न जाता दुकानातच बसली, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"काय म्हणाला?"

"वय झालं म्हणाला. त्याला सांगायला काय जातं?"

मी सांगितलं की पन्नाशीनंतर कापडाचासुद्धा ताठा जातो. ती म्हणाली, "तुम्हाला जुळ्यांच्या औषधांच्या वेळा माहीत आहेत?"

म्हटलं, ती दोघं आजारी पोरं म्हणजे तुझं खातं.

"शिकून घ्या."

हे बरं आहे! दुकान बंद केलं म्हणजे मी मोकळाच, असा सगळ्यांचा समज झालेला दिसतो.

१९ ऑक्टोबर

आज अघटित घडलं. हिनं शेपटाची उशी स्वतः उचलली आणि मुलांच्या खोलीत नेऊन टाकली.

शेपूट दारात उभी. रडली नाही. म्हणाली, "मी नाही नेली उशी."

"मी नेली. मोठी झालीस आता. तिकडे झोपायचं."

"आई, मी लाथा मारत नाही झोपेत."

"सांगितलं ना एकदा!" ही इतक्या जोरात ओरडली की माझ्या हातातली कात्री पडली. इतक्या वर्षांत हिला मुलांवर असं ओरडताना मी ऐकलेलं नाही. माझ्यावर ऐकलंय, पण ते वेगळं.

थोरलीनं विचारलं, "आई, नियम?" तर म्हणे, "नियम मी केला होता, मीच मोडला."

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मनातल्या मनात मी टाळ्या वाजवल्या. वहीशी काय खोटं बोलायचं! कंटाळली बिचारी एकदाची. माणूसच आहे ती.

२० ऑक्टोबर

आजपासून मी वर. माझ्या पलंगावर, माझ्या बाजूला. माझी बाजू कुठली तेसुद्धा विसरलो होतो, तिला विचारावं लागलं.

२ नोव्हेंबर

गाडी रुळावर येते आहे. ही हळूहळू सगळं थोरलीच्या अंगावर टाकते आहे. किल्ल्या दिल्या, इस्पितळातल्या ओळखी करून दिल्या. कुणाला अंधाराची भीती, कुणाला बंद दाराची, कुणाला आंघोळीच्या पाण्याची, सगळं सांगत बसली होती तिला. मी म्हटलं, "अगं, जरा हप्त्याहप्त्यानं सांग, पोरगी पळून जाईल." तर हसली. दुपारची झोपतेही आता. आधी दुपारी आडवी झाली असती तर मी डॉक्टरला बोलावलं असतं.

तिचा थंडीचा कोट दोन्ही कुशींना आत घेतला. बायका म्हातारपणी सुटतात, आमची बारीक होते आहे. "नवरी दिसतेस," असं म्हटलं. "मग तसाच बेतून द्या एखादा," म्हणाली. मी जुनं निळं कापड काढलं आहे. डोळे गेले म्हणून काय झालं, बोटं आहेत. हिच्या मापाला मला टेप लागत नाही.

तळ्याकाठच्या खोल्या बघून आलो. एका खोलीची खिडकी पाण्यावर उघडते. घरमालकाला शब्द दिला नाही, पण हसून बोललो.

१५ नोव्हेंबर

मुलं आता माझ्याकडे येतात. गुडघा फुटला, काका. दात हलतोय, काका. हिच्याकडे गेली तर ही खेकसते. काल जुळ्यांपैकी एक हिच्या कुशीत शिरायला गेला, तर हिनं हात धरून माझ्याकडे वळवला. म्हणाली, "काकांकडे जा. मला कामं आहेत." कसली कामं? ती खुर्चीत बसून होती.

सुरुवातीला मुलं चिकटत राहिली. आता टाळतात तिला. ही खोलीत आली की आवाज कमी होतो. थोरली माझ्याजवळ रडली. "काका, आई अशी का करते?" मी म्हटलं, "दमली गं. किती जणांचं करणार माणूस?" पण मलाही ते बघवत नाही. संसारातून निवृत्त व्हावं, पण असं दार आपटून?

शेपटाचं मात्र कौतुक करायला हवं. कार्टी सुधारली. आधी दूध सांडायची, आता शेवटच्या घोटापर्यंत पिते. कपड्यांच्या घड्या घालते. काल तर सगळ्यांच्या चपला ओळीनं लावल्या आणि जाऊन हिच्या खुर्चीसमोर उभी राहिली. हिनं बघितलं नाही. शेपूट पुन्हा गेली, चपला आणखी सरळ केल्या, परत आली. शिस्तीचा परिणाम. ओरडलं की होतो फायदा, असं माझा बाप म्हणायचा.

२८ नोव्हेंबर

टाऊन हॉलमध्ये हिचा सत्कार होता. ही गेलीच नाही. पोटाचं निमित्त. थोरलीला पाठवलं. म्हणाली, "तिलाच बघू दे लोकांना, सवय होऊ दे."

मी जाम चिडलो. निळा कोट कालच पुरा झाला होता. बटणं लावायला अर्धा दिवस गेला, पानवाल्याचे डोळे उसने घेऊन. घरातच घालून दाखवला तिनं. खांद्यांवरून घसरला. माझं माप चुकलं! शिंपी म्हणून जगलो आणि बायकोच्या खांद्याचं माप चुकलं. मी म्हातारा झालो, दुसरं काय. उसवून पुन्हा करतो म्हटलं, तर म्हणाली, "राहू द्या. छान आहे. सैल बरा वाटतो." आणि दिवसभर घालून बसली.

९ डिसेंबर

बाजारात डॉक्टर भेटले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "बाईंना आता जिना चढू देऊ नका. दुखणं वाढेल, तेव्हा रात्री-अपरात्री केव्हाही बोलवा, संकोच करू नका. तुमच्या धीराचं कौतुक वाटतं मला."

मी विचारलं, "कसलं दुखणं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मला चहाच्या दुकानात नेऊन बसवलं.

बटाटे तिथंच विसरलो.

१० डिसेंबर

काल पुढचं लिहवेना. आज लिहितो.

घरी आलो. ही खुर्चीत, निळ्या कोटात. माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. "दार लावा," म्हणाली.

मी ओरडलो. जे तोंडाला येईल ते बोललो. दोन महिने, दोन महिने मी शेजारी झोपतो आहे, आणि मला बाजारात कळतं? मी कोण आहे या घरात?

"हळू बोला. मुलं ऐकतील."

"मुलं, मुलं! मरतानासुद्धा मुलंच?"

"हो," ती म्हणाली. "अहो, यांची एकेकदा आई गेलेली आहे. सगळ्यांची. परत जायला नको. मी मेले तर एक खडूस म्हातारी मेली, असं वाटू दे त्यांना. चार दिवस चुकल्यासारखं वाटेल आणि विसरतील. म्हणून तोडतेय. आधीच तोडलं की तेव्हा कमी दुखतं."

म्हणजे कंटाळली नव्हती. एक दिवससुद्धा कंटाळली नव्हती.

"आणि शेपूट?"

त्यावर ती पहिल्यांदा रडली. "ती लाथा मारत नाही हो झोपेत. मुठीत माझं बोट धरून झोपायची."

"आणि मी? मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला लपवता येतं का काही? दुसऱ्या मिनिटाला घरभर रडत फिरला असता." मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "शिवाय तुम्ही शीळ घालत होतात. कोट शिवताना. किती वर्षांनी ऐकली. मोडवेना मला."

मी तळ्याकाठच्या खोल्या बघत होतो. मी तिला नवरी म्हटलं. माझ्या हातांना कळायला हवं होतं. कोट दोन्ही कुशींना आत घेतला याच हातांनी, आणि कळलं नाही.

तिनं शपथ घातली आहे. मुलांना सांगायचं नाही. आता नाही आणि नंतरही नाही. मुद्दाम तोडलं हे कळलं तर सगळं फुकट जाईल म्हणते. मी हो म्हटलं. इतक्या वर्षांत तिला नाही म्हणायला शिकलो नाही, आता कुठून शिकणार?

२१ डिसेंबर

थोरलीला तेवढं सांगितलं. तिला सांगावंच लागलं, इंजेक्शन तीच देणार. ती खाली जाऊन माझ्या टेबलावर डोकं ठेवून रडली, तोंड धुतलं आणि वर येऊन जुळ्यांना भरवलं. फक्त जाताना म्हणाली, "आईचं हे चुकतंय, काका." मी म्हटलं, "तिचं आजवर काही चुकलंय का?"

६ जानेवारी

खोलीचं दार आता बंदच असतं. मुलांना सांगितलंय, आईला साथीचा ताप आहे, जवळ जायचं नाही. माझीच युक्ती. हिला आवडली. "बघा, जमतं की खोटं बोलायला," म्हणाली.

शेपूट रोज सकाळी दाराशी येते. रिकामा पेला घेऊन. दार किलकिलं झालं की पेला उलटा धरून दाखवते. एक थेंब पडत नाही. मी म्हणतो, शाबास, जा आता. आज तिनं दातही दाखवले, घासलेले. नंतर हातांचे पंजे, दोन्ही बाजूंनी. मी म्हटलं, "गुणाची पोर. पळ." आत हिनं भिंतीकडे तोंड केलं होतं.

मग मला म्हणते, "गेली?"

"गेली."

"किती वेळ उभी होती?"

"थोडाच."

खोटं. सगळी मुलं शाळेला जाईपर्यंत ती तिथंच होती.

१४ जानेवारी

आज शुद्धीत होती, तेव्हा म्हटलं, बोलावतो तिला. फक्त तिला. दोन मिनिटं. मान हलवली, नाही. मी म्हटलं, तुला हवी आहे, मला दिसतंय. म्हणाली, "मला हवी आहे म्हणूनच नको." हात रिकामा चादरीवर पडला होता. मी माझं बोट दिलं. सुईनं भोकं पाडलेलं, जाडं बोट. तिनं मूठ मिटली.

१७ जानेवारी

गेली. सकाळी, मुलं न्याहारी करत असताना.

२ फेब्रुवारी

लोक येतात, जातात. थोर होत्या म्हणतात. असतील. मी आपला मान हलवतो.

तिचं म्हणणं खरं झालं असंच म्हणायचं. मुलं दोन दिवस गप्प होती, मग जुळी भांडली, मग कुणीतरी हसलं. घर चालू आहे. थोरली चालवते, मी तिच्या हाताखाली. जुळ्यांच्या औषधांच्या वेळा मला पाठ आहेत. संध्याकाळी मात्र जिन्यात बसतो. वर गेलं तर पलंग, खाली गेलं तर टेबल.

मला तिचा राग येतो. हे कुणाला सांगणार? मेलेल्या बायकोचा राग येतो, थोर बाईचा. निरोप घ्यायला माझ्याकडे जेमतेम सव्वा महिना उरला होता, आणि त्याच्या आधीचे दोन महिने मी शीळ घालत होतो.

शेपूट तेवढी अजिबात त्रास देत नाही. रडलीच नाही. बारकी आहे, तिला काय कळतंय. तळाशी साखर उरू न देता दूध संपवते. इतकं शहाणं मूल या घरात आजवर आलं नसेल.

११ फेब्रुवारी

दुपारी शेपटाच्या हातून बशी फुटली. साधी बशी, या घरात आठवड्याला दोन फुटतात. मी वळून बघितलं तर पोरगी भिंतीला टेकून उभी, ओठ पांढरे, आणि अंगात थंडी भरल्यासारखी थरथरत होती. खाली चड्डी ओली.

म्हटलं, "अगं, बशीच आहे. गेली तर गेली."

"आता परत पहिल्यापासून करायला लागेल," ती म्हणाली.

"काय परत करायचं?"

"शहाणं वागायचं."

मी तिला उचलली, धुतली, कपडे बदलले, आणि हिच्या पलंगावर नेऊन बसवली, कारण दुसरी जागा सुचली नाही. ती कडेवरच बसली, मागे सरकेना. विचारलं, "कशासाठी गं शहाणं वागायचं?"

"आईनं मला परत घ्यायला."

"बाळ, आई मेली."

"माहीत आहे." माझ्यासारख्या मठ्ठाला समजवावं तशी ती बोलत होती. "मी वाईट वागले म्हणून तिनं मला बाहेर काढलं. म्हणून तिच्याजवळ कुणी नव्हतं, म्हणून ती मेली. मी चपला लावल्या, दूध प्यायले, पण उशीर झाला. माझी पहिली आईपण अशीच गेली. तेव्हा मी दूध सांडायचे."

मला या पोरीचं कौतुक वाटत होतं. मी पेला बघून शाबास म्हणत होतो. चार महिने.

शपथ मोडली. हिला काय म्हणायचं ते म्हणू दे, समोर येऊन म्हणावं. मी पोरीला सगळं सांगितलं. आईला पोटात मोठं दुखणं होतं, ते बरं होणार नव्हतं. तिला तू हवी होतीस, रोज हवी होतीस. तू लाथा मारत नाहीस, हे तिनं मला सांगितलं होतं. ती गेल्यावर तुला कमी दुखावं म्हणून तिनं तुला मुद्दाम लांब केलं. तू काही केलं नव्हतंस. काहीच नाही.

ती ऐकत होती. कपाळाला आठी घालून.

"तिला फार दुखायचं?"

"फार."

"मग मला सांगायचं ना. मी काही मागितलं नसतं. मी नुसती बसले असते तिच्याजवळ."

मी म्हटलं, "मलाही नव्हतं सांगितलं तिनं."

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. नीट, जसं काही मी आत्ताच या घरात आलो होतो.

"तुम्हालापण नाही? तुम्हीपण बसला असता?"

"बसलो असतो गं. नुसता बसलो असतो."

"मग ती वेडीच होती," शेपूट म्हणाली, आणि तोंड वाकडं करून, मोठ्यांदा, घर डोक्यावर घेऊन रडायला लागली. थोरली धावत वर आली, तरी मी शेपटाला गप्प केलं नाही.